खोली नको, जागा हवी

२००७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. धाकटा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेजातल्या मित्राकडून त्याने ‘उबुंटू’ या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीची सीडी आणली आणि दोन दिवस खपून ती घरच्या संगणकावर बसवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बदलापूर गावातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात प्रात्यक्षिकाचा जाहीर कार्यक्रम झाला. प्रेक्षक तीन. मी, माझी पत्नी आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी आई.

मुलाने दोन कळा एकदम दाबून माउस ओढला. पडदा म्हणजे जणू एखाद्या ठोकळ्याची एक बाजू असावी, तसा तो गर्रकन फिरला. एका बाजूवर गाणी, दुसऱ्या बाजूवर कॉलेजचा प्रकल्प, तिसरीवर इंटरनेट, चौथी रिकामी. खिडकी धरून ओढली की ती वाटीतल्या खरवसासारखी थरथरायची. बंद केली की तिला ज्वाळा लागून ती भस्म व्हायची. आम्ही दोघे तोंडात बोटे घालून पाहत राहिलो. आईने मात्र शांतपणे विचारले, ‘‘छान आहे रे. पण मागच्या बाजूला काय ठेवलंय ते विसरलं तर?’’

‘‘ठोकळा फिरवायचा, आजी.’’

‘‘म्हणजे चमचा सापडेना म्हणून सगळं घर फिरवायचं!’’

मुलगा हसला, आम्हीही हसलो. महिन्याभराने पाहिले तर ठोकळा गायब होता. विचारल्यावर म्हणाला, ‘‘काम करताना मध्ये येतो, बाबा.’’ पाहुणे आले की मात्र तो ठोकळा आवर्जून सुरू होई. जगभरातल्या नामांकित कंपन्यांनी वीस-पंचवीस वर्षे ज्या प्रश्नावर डोके खपवले, त्याचे उत्तर आमच्या माजघरात एका महिन्यात मिळाले होते. ते माझ्या लक्षात आले पुष्कळ उशिरा, आणि वेगळ्याच निमित्ताने.

मेजावरून खोलीत

संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’ म्हणजे मेजाचा पृष्ठभाग म्हणतात, ते उगाच नाही. सुरुवातीला पडदा म्हणजे काळी पाटी होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत हुकूम टाइप करायचा आणि उत्तराची वाट पाहायची. हुकूम पाठ नसेल तर सगळे ठप्प. आपल्याकडे जिच्या नावाने छायाप्रत ओळखली जाते, त्या झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फाइली आणि खण यांची चित्रे होती. ऑफिसातल्या माणसाला ओळखीचे वाटावे म्हणून पडद्याचेच टेबल केलेले. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने ही कल्पना घरोघर नेली आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने ती आपल्यापर्यंत आणली.

मग संशोधकांच्या मनात साहजिक विचार आला. टेबल खोलीत असते, खोलीला भिंती असतात, शेल्फे असतात. माणूस आयुष्यभर लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन मितींच्या जगात वावरतो. मग संगणकातच त्याला सपाट कागदावर का राबवायचे? पडद्यालाच खोली द्यावी, म्हणजे माणूस घरात वावरतो तितक्या सहजतेने त्यात वावरेल. तर्क बिनतोड वाटावा असा होता.

या तर्कावर पुढे केवढी खटपट झाली! झेरॉक्सच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९९१ च्या सुमारास माहितीच्या त्रिमित खोल्या तयार झाल्या. १९९३ साली ‘जुरासिक पार्क’ चित्रपटात एक मुलगी संगणकाच्या पडद्यावर विमानातून पाहावे तशी फाइलींच्या ठोकळ्यांवरून फिरते. ती चित्रपटाची करामत नव्हती. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने बनवलेला तो खराखुरा प्रोग्रॅम होता. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने ‘बॉब’ नावाचे चित्रातले घरच विकायला काढले. त्यात दिवाणखाना होता आणि मदतीला एक कुत्राही होता. वर्षभरात ते घर बंद झाले. २००३ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ‘लुकिंग ग्लास’ दाखवले. त्यात खिडकी दारासारखी फिरवून तिच्या पाठीवर टिपण लिहिता येई. ते प्रयोगशाळेच्या फारसे बाहेर आले नाही. २००७ च्या विंडोज व्हिस्टात उघड्या खिडक्या पत्त्यांसारख्या तिरप्या रांगेत उभ्या राहत. २०१२ च्या विंडोज ८ मधून ही सोय काढून टाकली, आणि तिच्यासाठी अश्रू ढाळणारे फारसे कोणी निघाले नाही. आनंद अगरवाला या तरुणाने टोरांटो विद्यापीठात शिकताना ‘बम्पटॉप’ नावाचे त्रिमित टेबल बनवले. त्यावर कागदांच्या चळती रचता येत, ते भिरकावता येत, भिंतीला टाचताही येत. २०१० साली गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि बम्पटॉपची विक्री थांबली.

यातले एकही काम टाकाऊ डोक्याच्या माणसांनी केलेले नव्हते. प्रात्यक्षिकाला प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. पण टाळ्या वाजवणारा माणूस आपल्या टेबलाशी परत गेला, की पुन्हा सपाट पडद्यावरच काम करू लागला.

लेजरची जागा

असे का व्हावे, याचा विचार मी संगणकशास्त्रज्ञ म्हणून करू शकत नाही. मी एकोणचाळीस वर्षे बँकेत काढली. १९८१ मध्ये कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमच्या शाखेत बचत खात्यांची अवजड लेजरे एका लांब लाकडी रॅकवर उभी असत. खातेदार खिडकीशी आला, त्याने पैसे काढण्याची स्लिप दिली, पितळी टोकन घेतले, की लेजर सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी खाते क्रमांक वाचायच्या आधीच हात मागे नेत. माणसाचा चेहरा पाहिला की त्यांना लेजर ठाऊक असे, लेजर हाती आले की पान साधारण कुठे असेल तेही ठाऊक असे. एखाद्या शिपायाने झाडताना दोन लेजरांची अदलाबदल केली, तर सकाळचा पहिला तास वाया जाई.

त्या लेजरांचा आणखी एक नियम होता. एखादा आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही. त्यावर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याने तिथे छोटी सही करायची. कोणी बदलले आणि काय बदलले, हे पानावर कायमचे राहायचे. या सहीकडे मी शेवटी परत येणार आहे.

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. संघटनांचा विरोध, वाटाघाटी, करार अशा वळणांनी यंत्रे शाखांत आली. पुढे कोअर बँकिंग आले. आमच्या पडद्यावर तेव्हाही चित्रे नव्हती, नुसते मेनू होते. पण तिथेही वर्षभरात तेच झाले. ‘मुदत ठेव कशी उघडायची?’ असे नव्या मुलाने विचारले तर जुना कारकून तोंडाने सांगू शकत नसे. तो म्हणे, ‘‘थांब, बोटांना विचारतो.’’ बोटे कळफलकावर ठेवली की तीच चालू लागत. पुढे मेनूचा क्रम बदलणारी नवी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यांत जास्त अडखळले ते सगळ्यांत कुशल कर्मचारी.

बदलापूरहून मुंबईला रोज जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. फलाटावर आपली उभे राहण्याची जागा ठरलेली असते. कुठल्या खांबाशी उभे राहिले की कुठला दरवाजा समोर येतो आणि तो दादरला जिन्यासमोर थांबतो, हे पाय जाणतात. गाडी जरा पुढे-मागे थांबली की सगळा जमाव गडबडतो.

शंभर पानांचा प्रयोग

हा नुसता अनुभव झाला. त्याला प्रयोगाचा आधार आहे का, तर आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे.

१९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ‘डेटा माउंटन’ नावाचा प्रयोग केला. पडद्यावर दूर जाणारा एक चढ दाखवला. माणसांना इंटरनेटवरची शंभर पाने देऊन सांगितले, की ही तुम्हाला हवी तशी या चढावर मांडा. नंतर एकेक पान शोधायला लावले. नेहमीच्या नावांच्या यादीपेक्षा या चढावर पाने लवकर सापडली. त्रिमितीच्या पुरस्कर्त्यांना वाटले, आपण जिंकलो. काही महिन्यांनी तीच माणसे पुन्हा बोलावली, तेव्हाही त्यांना आपली पाने सापडत होती. एवढेच नव्हे, पानांवरची चित्रे झाकून नुसते कोरे चौकोन ठेवले, तरी थोड्या सरावाने त्यांचे काम जमू लागले. कुठले पान कुठे ठेवले, हे हाताला ठाऊक होते. आमच्या लेजरवाल्या सहकाऱ्यांना हे वाचून अजिबात आश्चर्य वाटले नसते.

पण मग न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातील अँडी कोबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांनी एक खवचट प्रश्न विचारला. या यशाचे श्रेय खोलीचे, की आपल्या हाताने ठरवलेल्या जागेचे? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एकच काम तीन प्रकारांनी करून घेतले होते: सपाट पृष्ठभागावर, थोडी खोली असलेल्या चढावर आणि पूर्ण त्रिमित जागेत. हे पडद्यावर तर केलेच, शिवाय खऱ्याखुऱ्या वस्तूंची मांडणी करूनही केले. निष्कर्ष असा, की तिसऱ्या मितीची मोकळीक जसजशी वाढली तसतशी माणसे मंदावली. त्रिमित मांडणी त्यांना जास्त गिचमिडीची वाटली. आणि हे फक्त पडद्यावर नव्हे, खऱ्या वस्तूंच्या बाबतीतही तसेच घडले.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. माणसाला वस्तूची जागा उत्तम लक्षात राहते, हे खरे. पण त्यासाठी खोली लागते, हे खरे नाही. उलट खोली आली की एक वस्तू दुसरीच्या आड जाते.

मांडणी आणि फडताळ

आमच्या स्वयंपाकघरात हा भेद शंभर वर्षे भिंतीवर टांगलेला होता. एका भिंतीला लाकडी मांडणी होती. तिच्या फळ्या अरुंद. एका डब्यामागे दुसरा डबा राहू शकत नाही अशा. त्यावर मीठ, हळद, तिखट, साखर, चहा, काडेपेटी. समोरच्या भिंतीत फडताळ होते. हातभर खोल. त्यात लोणच्याच्या बरण्या, सणासुदीची भांडी, जुनी रद्दी. मांडणीवरची वस्तू कोणीही आणू शके. फडताळातली वस्तू काढायची तर आधी पुढच्या चार बाहेर काढाव्या लागत, आणि मागे गेलेली बरणी पुढच्या वर्षीच दिसे. रोजच्या कामाची एकही गोष्ट आईने फडताळात ठेवली नाही.

२६ जुलै २००५ च्या रात्री उल्हास नदीचे पाणी सखल भागात शिरले. आमच्या ओटीपर्यंत ते आले आणि दिवे आधीच गेलेले होते. त्या मिट्ट काळोखात आईने मांडणीवरून काडेपेटी घेतली, तिच्या शेजारची मेणबत्ती घेतली आणि मग पेटीतले घराचे कागद, शिधापत्रिका आणि सगळ्यांची पासबुके काढून माझ्या हातात दिली. एकदाही ती चाचपडली नाही. आम्ही चार शिकलेली माणसे मोबाइलच्या उजेडात एकमेकांच्या अंगावर आपटत होतो.

त्रिमित पडदा म्हणजे रोजच्या डब्यांसाठी फडताळ. तो का अडतो, याची साधी कारणे आहेत. पडदा मुळात सपाट काच आहे, त्यातली खोली हा दृष्टिभ्रम. माउस टेबलावर फिरतो, म्हणजे दोनच दिशांना. तिसऱ्या दिशेसाठी वेगळी कळ, वेगळी खटपट. आणि तिरप्या पानावरची अक्षरे वाचायला कठीण. शिवाय आपण दिवसभर पडद्यावर पाहतो ते काय? पत्र, हिशेब, बातमी, अर्ज. कागदाची ही कामे जन्मतःच सपाट आहेत. शंभर रुपयांच्या शिलकीला पुढची-मागची बाजू नसते. पडद्याची रचना माणसाला कशी सोयीची करावी, याचे जाणकार याकोब निल्सन यांनी १९९८ सालीच बजावले होते, की अशा कामांसाठी द्विमितीच बरी.

हलत्या पडद्याचा शरीरालाही त्रास होतो. २०१३ साली ॲपलने आपल्या फोनच्या पडद्याला खोलीचा आभास आणि झेपावणाऱ्या हालचाली दिल्या, तेव्हा काही लोकांना घेरी आणि मळमळ होऊ लागली. हालचाल कमी करण्याची सोय तेव्हापासून सेटिंगमध्ये आहे. घाट चढताना ज्यांना गाडी लागते, त्यांनी ती जरूर शोधावी.

खोली कुठे हवी

याचा अर्थ तिसरी मिती निकामी, असा मुळीच नाही. जिथे वस्तूलाच खोली आहे, तिथे ती हवीच. आमच्या शेजारच्या अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर घ्या. १०६० सालच्या या मंदिरात गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते. भिंतींची वळणे आणि कोपरे असे, की एका छायाचित्रातून काही कळत नाही. सभोवार फिरवता येणारे त्रिमित चित्र इथे खरे ज्ञान देते. शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवरून अवयव फिरवून पाहता येतो, ते वरदान आहे. बदलापूरला घर घेणारे कुटुंब बांधकाम व्हायच्या आत पडद्यावर सदनिकेत फिरून येते आणि स्वयंपाकघरात फ्रिज कुठे मावेल ते ठरवते, तेही उपयोगी. घराला जाडी असते, मूत्रपिंडाला असते. पासबुकातल्या नोंदीला नसते.

आणि गंमत हीसुद्धा गरज आहे. लिनक्सच्या जगात ‘केडीई’ या मंडळींनी फिरता ठोकळा मधल्या काळात काढून टाकला होता. लोकांना चुटपुट लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या आवृत्तीत तो परत आला. मुलाला कळवले तर त्याने लगेच तो बसवून घेतला, पाहुण्यांसाठी.

त्याच महिन्यात ॲपलने अमेरिकेत ‘व्हिजन प्रो’ नावाचा, डोळ्यांवर चढवायचा संगणक विकायला आणला. किंमत साडेतीन हजार डॉलर, वजन सहाशे ग्रॅमहून अधिक. तो घातला की पडदे खोलीभर हवेत तरंगतात. पण तरंगणाऱ्या खिडकीत पत्र उघडले, की ते सपाटच असते. इतक्या दूर जाऊन माणूस पुन्हा कागदापाशीच आला. मात्र या यंत्रात एक गोष्ट मला शहाणपणाची वाटली. खिडकी जिथे ठेवली तिथेच ती राहते. तुम्ही खोलीत फिरून आलात तरी ती जागा सोडत नाही. खोलीच्या सगळ्या खटाटोपात टिकाऊ असे काही असेल, तर ते एवढेच.

हललेले बटण

आता हा लेख ज्या निमित्ताने सुचला तिकडे येतो.

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. ऐंशीच्या उंबरठ्यावर. घरात एकट्या. २०२० च्या टाळेबंदीत नातीने त्यांना फोनवरून बँकेचे काम शिकवले. काकूंनी शिक्षकी शिस्तीने एका वहीत लिहून ठेवले: ‘वरून दुसरी ओळ, डावीकडचे निळे, म्हणजे शिल्लक. त्याच्या उजवीकडचे, म्हणजे विजेचे बिल.’ चार-साडेचार वर्षे त्या वहीवर त्यांचा सगळा व्यवहार चालला. निवृत्तिवेतन जमा झाले का, हे पाहायला त्यांना कोणाची मिनतवारी करावी लागत नव्हती. याचा त्यांना केवढा अभिमान!

गेल्या वर्षी एका सकाळी ॲप आपोआप अद्ययावत झाले. निळे बटण पार खाली गेले. त्याच्या जागी कर्जाची जाहिरात आली. काकूंनी सवयीने तिथेच बोट ठेवले आणि ‘आपले कर्ज मंजूर होण्याच्या तयारीत’ अशा अर्थाचे काही झळकले. त्या इतक्या घाबरल्या, की फोन बंद करून कपाटात ठेवला. पुढल्या महिन्यापासून वाणसामानाच्या दुकानातल्या मुलाच्या हातात फोन देऊ लागल्या, आणि सोबत गुप्त क्रमांकही. मुलगा सज्जन आहे, हे काकूंचे नशीब. पण ज्याने उभी हयात ‘आपला क्रमांक कोणालाही सांगू नका’ असे खातेदारांना बजावण्यात घालवली, त्या माझ्या अंगावर हे ऐकून काटा आला. फसवणुकीची पुष्कळशी दारे अशीच उघडतात. लोभाने उघडतात तशीच ती भांबावल्यामुळेही उघडतात.

मुलाला फोन केला. तो आता अशीच सॉफ्टवेअर बनवतो. म्हणाला, ‘‘बाबा, ॲपचं पहिलं पान म्हणजे स्टेशनसमोरचा गाळा. तिथे शिल्लक दाखवून कोणाला काय मिळणार? कर्ज विकलं तर मिळतं. शिवाय काही हलवलं नाही, तर काम केलंय असं वरच्यांना वाटत नाही.’’ त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. उत्तर आवडले नाही.

त्रिमित पडद्यांचे जे झाले त्याच्याशी याचे नाते आहे, असे मला वाटते. तिथेही रचना प्रात्यक्षिकात डोळे दिपवण्यासाठी होती. रोज सकाळी तेच काम करणाऱ्या माणसाकडे कोणी पाहिले नव्हते. फरक एवढाच, की तो ठोकळा मुलाला बंद करता आला. काकूंना जुनी मांडणी परत मागण्याची सोयच नाही.

नियमांचे म्हणाल तर हेतू चांगला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी ठेवा, सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ऑनलाइन ओळखपडताळणीत अपंगांना येणाऱ्या अडचणींच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. पण ज्या खिडकीशी आज बहुतेक खातेदार उभे असतात ती खिशातली खिडकी आहे, आणि ती एका रात्रीत हलवायला कोणाची परवानगी लागत नाही. शाखेची जागा बदलायची तर बँक आधी ग्राहकांना कळवते, दारावर सूचना लावते. पडद्यावरची जागा बदलताना तेवढेही सौजन्य नाही.

मागणे फार मोठे नाही. पैशाशी संबंधित चार बटणे, म्हणजे शिल्लक, पैसे पाठवणे, बिल आणि तक्रार, यांची जागा ठरवावी आणि हलवू नये. हलवणे भागच असेल तर महिनाभर आधी मराठीत सांगावे. ‘जुनी मांडणी ठेवा’ असा पर्याय द्यावा. आणि एखाद्या बटणाच्या जुन्या जागी जाहिरात ठेवू नये, कारण तिथे बोट सवयीने पडते. सवयीचा असा फायदा घेणे मला सचोटीचे वाटत नाही.

तोवर घरातल्या तरुणांना थोडे करता येईल. आजी-आजोबांना नवा फोन देताना सगळ्यात भारी फोन कोणता, हे पाहू नका. पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी ठेवा, चार कोपऱ्यांत. बाकीचे मागच्या पानावर, म्हणजे फडताळात. हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू करा, अक्षर मोठे करा. आणि नंतर ‘जरा नीटनेटकं करतो’ म्हणून त्यांच्या फोनला हात लावू नका. तुमच्या दृष्टीने तो पसारा असेल. त्यांच्या दृष्टीने ती मांडणी असते.

मी काकूंकडे दोन संध्याकाळी बसलो. नवा गुप्त क्रमांक त्यांनीच घेतला, मी तोंड फिरवून बसलो. मग त्यांनी वही उघडली. जुन्या ओळीवर खाडाखोड केली नाही. एक सरळ रेघ मारली, खाली नवी जागा लिहिली, बाजूला तारीख टाकली आणि पेन माझ्यापुढे धरले.

‘‘तुम्ही बँकेतले ना? मग इथे सही करा. कोणी बदललं ते कळायला नको?’’

मी बदलले नव्हते. पण बदलणाऱ्याचा पत्ता आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. मी छोटी सही केली.